वीतभर अंतराची मेहनत

बत्तीस वर्षांत काचवाल्याच्या हातून काच फुटली ती एकदाच. पण फुटली ती दाजींसमोर. दुकानाची दर्शनी काच होती. काचेला चिकटणाऱ्या रबरी मुठी लावून दाजींनी आणि याने ती छातीशी धरली आणि चौकटीत ढकलताना याचे हात अर्ध्या वाटेत लटपटले. कुणाला खरचटलंही नाही. तरी दुसऱ्या दिवसापासून मोठ्या काचा दाजी आणि एक रोजंदारीवाला बसवू लागले. याच्याकडे राहिलं कडांना सिलिकॉन भरणं. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याशी भांडणार कोण? त्यातून चूक आपली.

बावन्नाव्या वर्षी त्याने व्यायामशाळेत नाव घातलं. तिथे दाजींचीच मुलगी शिकवायची. घरी बोलायचं नाही, एवढी एकच अट त्याने तिला घातली.

पहिले दोन आठवडे तो सपाट बाकावर उताणा पडून दांडीला चकत्या वाढवत राहिला. दांडी छातीवर आदळायची, उसळीसरशी वर न्यायची. सत्तर किलो झाले. गडी खूश होता, भाची नव्हती.

"मामा, काचही अशीच छातीवर आपटता का?"

तो ओशाळला. नेमका हात कुठे सुटला, हे तिने विचारलं. त्याने हवेत काच धरून दाखवली: कोपर अर्धं उघडलेलं, काच छातीपासून वीतभर पुढे. डावा हात आधी ढिला पडला होता.

तिने सगळे प्रकार समजावले आणि निवड त्याच्यावर सोडली. काम तुमचं, तुम्हालाच ठाऊक, म्हणाली. तिरक्या बाकाने खांदे आणि छातीचा वरचा भाग तयार होतो. तो त्याने बाजूला ठेवला, कारण डोक्यावरच्या काचा त्याला बसवायच्याच नव्हत्या. दांडीवर दोन्ही हात जवळजवळ धरून उचलण्याचा प्रकार घेतला. त्याने दंडाची मागची बाजू भरते आणि शेवटचा रेटा तिचाच. डावा हात उजव्याच्या जिवावर जगत होता, म्हणून दोन हातांत दोन डंबेल्स. आणि दांडी छातीला टेकवून दोन आकडे मोजेपर्यंत थांबायचं. उसळी बंद.

चकत्या उतरल्या. पंचेचाळीसवरही हात थरथरू लागले. शेजारच्या बाकावरचा पोरगा म्हणाला, "काका, वजन लावायचं विसरलात."

"तू थांबायचं विसरलास," तो म्हणाला आणि पुन्हा आडवा झाला.

ज्या खेपेला दोन आकडे पूर्ण झाले नाहीत, ती खेप त्याने धरली नाही. भाची माफ करायची, तो करायचा नाही. असे चौदा आठवडे.

मग एका सकाळी रोजंदारीवाला आलाच नाही. दवाखान्याच्या दोन मोठ्या काचा भिंतीला टेकून उभ्या. दाजी म्हणाले, उद्या बघू. काचवाल्याने मुठी हातात घेतल्या.

"हात दाखवून अवलक्षण नको," दाजी म्हणाले.

"आज सुटली तर पुन्हा विचारणार नाही."

दाजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि दुसरी बाजू धरली. काच उचलली, छातीशी आली, पुढे निघाली. वीतभर गेली आणि दाजींच्या बाजूने चौकटीला अडली.

"थांब," दाजी म्हणाले.

तो थांबला. दाजी कड सरळ करत होते, चुकत होते, पुन्हा करत होते. त्याचा डावा दंड पेटला. त्याने दात आवळले, पण काच तसूभर हलू दिली नाही.

"हं, चल."

दोघांनी रेटा दिला. काच चौकटीत बसली.

दाजींनी कपाळ पुसलं, कडांवरून बोट फिरवून पाहिलं. मग दुसऱ्या काचेकडे मान वळवली. "हिची जड बाजू तू धर."