जेटीचा दोर

विहिरीसाठी आणलेल्या नव्या नायलॉन दोराचं टोक आज काडी ओढून जाळलं आणि त्या करपट वासासरशी मुळगावचं तळं समोर उभं राहिलं. बंद खाणीच्या खड्ड्यात साठलेलं हिरवं पाणी, काठावर कुणा दिल्लीवाल्याचं कॉटेज, आणि निळ्या पिंपांवर लोखंडी चौकट बसवून आम्ही दोघा भावांनी बनवलेली तरंगती जेटी.

ती उतारावरून घसरू नये म्हणून बांधलेला दोर मी ओढून धरला होता. खाली कंबरभर पाण्यात दादा तिला साखळी अडकवत होता. "गाऱ्हाणा घातल्याशिवाय पाण्यात काय सोडूचा नाय," असं बजावून त्याने, त्या जागेच्या राखणदार देवाला साकडं घालायचा नारळ काठावर ठेवला होता.

"नाटकं पुरे!" म्हणत कॉटेजवाल्याने कामावर नेमलेल्या सुपरवायझरने तो नारळ लाथेने पाण्यात उडवला.

माझं डोकं फिरलं. दोर टाकून मी त्याच्यावर धावलो. पहिल्याच ठोशात त्याचा ओठ फाटला, दुसऱ्यात त्याचा दात माझ्या मुठीत रुतला. तो चिखलात पडला तरी मी मारतच राहिलो. रक्त कुठलं नि खाणीची लाल माती कुठली, कळेना. तेवढ्यात पिंपं गडगडली आणि दादाची किंकाळी आली. सुटलेल्या जेटीने त्याचा उजवा हात दगडावर चिरडला होता.

गावाने मला राखणदाराचा वाघ म्हटलं. मीही वर्षानुवर्षं छाती फुगवून ती गोष्ट सांगत आलो. दादा शेजारी बसून ऐकायचा.

आज जाळलेलं टोक त्याने डाव्या हाताने चाचपून पाहिलं.

"नारळ दुसरो गावलो असतो रे," तो म्हणाला.