लाखेखालचा सात

विष्णुपंत खांबेटे अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासनीस होते. सुटा भाग त्यांच्या हाताखालून गेला आणि त्यावर त्यांच्या पोलादी पंचानं सात आकडा उमटला, की पुढे कुणी तो मोजायच्या फंदात पडत नसे. तिथला नियमच होता, की जो उघडून पाहील त्यानं आपला नंबर ठोकल्याशिवाय वस्तू बंद करायची नाही. एकोणीस वर्षं हे केलेला माणूस. तसाच साताचा एक छोटा पंच घरच्या हत्यारांच्या पेटीतही असे. घरी तो कशाला लागतो, असं त्यांच्या पत्नीनं, कुमुदिनीबाईंनी, एकदा विचारलं होतं. "असू दे" म्हणून त्यांनी पेटी मिटली.

छप्पन्न साली त्यांनी उल्हासनगरच्या कॅम्पातून चावीचं आगगाडीचं इंजिन आणलं. नाव लेकीचं, सुनेत्राचं. हौस कुणाची ते सगळं घर जाणून होतं. हुबेहूब खरं वाटावं असं काळंभोर इंजिन, लाल पट्ट्याचं, गोल रुळांवर पळणारं. टेकचंद शेठनं ते स्वतःच्या शेडमध्ये बनवलेलं. फाळणीत सगळं मागे टाकून आलेला हा सिंधी माणूस. निर्वासितांच्या मालावर लोक नाक मुरडतात हे त्याला डाचायचं, म्हणून तो छापील गॅरंटी द्यायचा. सहा महिन्यांत बिघडलं तर दुरुस्त, नाहीतर नवं. अट एकच, पोटाखालच्या स्क्रूवरची लाख फुटलेली नसावी.

तिसऱ्या आठवड्यात इंजिन वळणावर अडखळू लागलं. सरळ दुकानात न्यायचं, तर विष्णुपंतांचे हात शिवशिवले. एवढंसं खेळणं, आणि त्यासाठी आपण दुसऱ्याच्या दारात जायचं? रविवारी दुपारी त्यांनी लाख खरवडून इंजिन उघडलं. आतलं दातेरी चाक दांड्यावर किंचित ढिलं होतं. कारखान्यात एवढी ढील दिसली असती तर त्यांनी अख्खी पेटी परत पाठवली असती. त्यांनी पत्र्याची बारीक पट्टी बसवून, कानस मारून चाक असं चपखल केलं की केससुद्धा आत जाऊ नये. मग झाकण बंद केलं, लाख वितळवून पुन्हा लावली आणि चावी दिली.

इंजिन जागचं हललं नाही. ती ढील वळणावर चाकाला जागा मिळावी म्हणून मुद्दाम ठेवलेली होती. नको तिथं शहाणपणा म्हणतात तो हा.

आता पुन्हा उघडायला त्यांना धीर होईना. गॅरंटीचा कागद होता आणि लाखही जशीच्या तशी दिसत होती. दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर ते कॅम्पात गेले.

शेडमध्ये आठ-दहा बाया ओळीनं बसून इंजिनं जोडत होत्या. टेकचंदनं लाख पाहिली, कागद पाहिला. "साईं, लाख तो साबूत आहे. मग गलती आमचीच." त्यानं हाक मारली, "कौसाबाई, हा माल तुझ्या हातचा ना?"

कौसाबाई बेलवलीहून यायची. चाळिशीची, नवरा नसलेली, सगळ्यांत बारीक काम करणारी. तिनं स्क्रू काढायला घेतला, आणि विष्णुपंत एकदम पुढे सरले. झाकण बंद करण्याआधी आपण काय केलं ते त्यांना आत्ता आठवलं. हाताला सवयच होती. पंच घेतला, झाकणाच्या आतल्या बाजूला सात ठोकला, ठेवला.

तिनं झाकण उजेडाकडे वळवलं. "शेठ, ह्यो आकडा माजा नाय. मला आकडं काडता येत नाय. कुनीतरी उघडलंय ह्ये."

"लाख साबूत आहे, बाई."

"लाख मागनं लावली असंल."

टेकचंदनं विष्णुपंतांकडे पाहिलं. संशयानं नव्हे, कारखान्यातला मोठा माणूस, त्याला विचारायचाही संकोच वाटल्यासारखं. "साहेब, तुम्ही उघडलं नाही ना?"

सगळ्या बायांचे हात थांबले होते. खरं सांगायला एक शब्द पुरला असता. पण तपासनीस खांबेट्यांनी खेळणं बिघडवलं आणि वर लाख लावून फसवायला आले, ही बातमी उद्या जेवणाच्या सुट्टीत कारखानाभर झाली असती.

"मी कशाला उघडू?" विष्णुपंत म्हणाले.

टेकचंदनं नवं इंजिन त्यांच्या हातात दिलं. मग कौसाबाईकडे न बघता म्हणाला, "चूक होते, बाई, चालतं. दुसऱ्यावर ढकलणं नाही चालत. उद्यापासून येऊ नको." ती उठली. डबा घेऊन विष्णुपंतांच्या शेजारूनच बाहेर पडली.

घरी नवं इंजिन गरगर पळालं. सुनेत्रा टाळ्या पिटत होती, कुमुदिनीबाई शेजारणीला कौतुकानं दाखवत होत्या. विष्णुपंतांनी ताट तसंच बाजूला सारलं. आपण हलकट माणूस आहोत, हे त्यांना त्या ताटावर पहिल्यांदा कळलं.

सकाळी त्यांनी कामावर न जाता कॅम्पाची वाट धरली. शेडच्या दाराशी कौसाबाई उभी होती, शेठला पुन्हा एकदा विनवायला आलेली. विष्णुपंतांनी टेकचंदला बाजूला घेतलं आणि खालच्या आवाजात सगळं सांगून टाकलं. टेकचंदचा चेहरा पडला. तो दाराशी गेला. "आ जाओ बाई. बस आपल्या जागेवर. झालं ते झालं."

कौसाबाई हलली नाही. "काल चारचौघींत मला खोटी ठरवली, शेठ. आज कोपऱ्यातल्या कोपऱ्यात नाय चालायचं."

विष्णुपंतांना पळून जावंसं वाटलं. तरी ते आत गेले, ओळीपुढे उभे राहिले. "इंजिन मी उघडलं होतं. मीच बिघडवलं. आतला सात माझा आहे. काल मी खोटं बोललो." आवाज इतका बारीक निघाला, की मागच्या बाईनं "काय म्हनले?" असं विचारलं. त्यांना सगळं पुन्हा सांगावं लागलं, मोठ्यानं.

नवं इंजिन त्यांनी टेकचंदपुढे ठेवलं. गॅरंटी संपली होती, ते कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती.

कौसाबाई जागेवर बसली. तिनं जुनं इंजिन पुढे ओढलं, पत्र्याची पट्टी चिमट्यानं उपटून काढली, दांड्यावर चिकटलेला मळ पुसला, चाक बोटानं हलवून पाहिलं, झाकण लावलं आणि लाखेचा थेंब सोडला. दहा मिनिटंही लागली नसतील. मग तिनं ते विष्णुपंतांपुढे धरलं. ते घाईनं पिशवीत टाकू लागले.

"असं नका नेऊ," ती म्हणाली. "आधी हितंच, समद्यांच्या म्होरं तपासून घ्या. घरी जाऊन काय कराल, तुमचा भरवसा नाय."

एकोणीस वर्षांत कुणी विष्णुपंतांना असं म्हटलं नव्हतं. त्यांनी चावी फिरवली, इंजिन शेडमधल्या चाचणीच्या रुळांवर ठेवलं आणि ते वळण घेऊन परत येईपर्यंत सगळ्या बायांसमोर उकिडवे बसून राहिले.