शामकलाबाईंची कुऱ्हाड आणि तिरका डोंगर

शामकलाबाई रहांगडाले कुऱ्हाडीशिवाय जंगलात जात नाहीत. सालेकसा तालुक्यातल्या त्यांच्या गावातली कोणतीच बाई मोहाच्या दिवसांत तशी जात नाही. पहाटे झाडाखाली मोहफुलं वेचायला माणसं येतात, तशी अस्वलंही येतात. शेजारच्या सुशीलाबाईंच्या खांद्यावरची नखांची खूण पाहिली की कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

शामकलाबाई पन्नाशीच्या आहेत. पती चुन्नीलाल कोहमाऱ्याच्या एका ढाब्यावर भट्टी सांभाळतात, सणावाराला घरी येतात. धानाची शेती बाईंच्या अंगावर. स्वतःचं मूल नाही. दिराची मुलगी रुचि त्यांच्याच घरी वाढली. ती त्यांना मोठीमाय म्हणते. नागपुरात भूशास्त्राचं शेवटचं वर्ष करताना तिने प्रबंधासाठी गावामागच्या टेकड्या निवडल्या, तेव्हा तिच्यासोबत कोण जाणार हा प्रश्नच आला नाही.

रुचि दिशा आणि उतार मोजायला दगडाला कंपास लावायची. बाई कुऱ्हाड घेऊन तिच्या खांद्याशी उभ्या राहायच्या, तोंड जंगलाकडे. दगडाचा फोटो काढताना आकार कळावा म्हणून शेजारी काहीतरी ठेवावं लागतं. बाईंनी कुऱ्हाड टेकवून दिली. "तुह्या पेनापेक्षा बरी दिसते."

रुचिला जे सापडलं ते असं. जमिनीचे दोन प्रचंड तुकडे एकमेकांवर समोरासमोर आदळले, तर मधल्या खडकाच्या लांब पट्ट्याला समांतर वळ्या पडून तो वर उचलला जातो, आणि घासल्याच्या रेघा त्यावर साधारण वरखाली उमटतात. इथे खडकाचे थर उभे होते, पण रेघा जवळजवळ आडव्या. वळ्याही पट्ट्याला समांतर नव्हत्या, तिरक्या होत्या. म्हणजे दाब तिरका आला होता. खडक चेपलाही गेला आणि बाजूला सरकलाही.

तिने हे घरी अंगणात दाखवलं होतं. गिरणीत न्यायचं धान उन्हात पसरलेलं होतं. दांड्याची फळी तिरकी धरून तिने ते ढकललं. फळीपुढे धानाची रास उचलली गेली आणि तिच्याच कडेने दाणे बाजूला घरंगळले.

"समजलं," बाई म्हणाल्या. "आता पसरव पुन्हा."

मार्गदर्शक सरांना मात्र ते पटलं नाही. त्यांनी फोटो पाहून फोन केला.

"रुचि, हे प्रत्येक फोटोत लोखंड काय आहे?"

"सर, मोठीमायची कुऱ्हाड."

"कंपासशेजारी? मग सुई फिरली असणार. तुझा तिरकेपणा दगडात आहे की कुऱ्हाडीत, हे मी कसं ठरवू?" पुन्हा मोजून या आठवड्यात आकडे पाठव, नाहीतर प्रबंध पुढच्या वर्षी, असं ते म्हणाले.

फोन स्पीकरवर होता. बाईंच्या हातातला तांदूळ सुपातच राहिला.

"माह्या कुऱ्हाडीनं तुहं वर्ष बुडवलं का?"

"चूक माझी आहे, मोठीमाय. मला कळायला पाहिजे होतं."

"मंग बोलली काऊन नाई? मी काय दगडाले पहारा देत होतो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी पुन्हा टेकडीवर गेल्या. रुचिने कुऱ्हाड पार खाली, पळसाखाली ठेवायला लावली. बाई रिकाम्या हातांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "आवाज तं करू दे. डबा वाजवू का?"

"डबाही लोखंडाचा आहे."

"तुह्या शास्त्रात बाईनं जंगलात मरावं का?"

शेवटी प्लास्टिकची पाण्याची कॅन बडवायचं ठरलं. बाई ती बडवत, अस्वलाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत दगडामागून दगडाशी फिरल्या. रुचि मोजत होती. पहिल्याच दगडावर सुईने जुना आकडा दाखवला नाही. रुचिने वहीतला आकडा पुन्हा पाहिला. बाईंचा हात थांबला.

"गेलं?"

"थांब ना."

तिने कंपास कडेवर उभा धरला. उतार सुईने मोजत नाहीत; आतला पाण्याचा बुडबुडा पाहून मोजतात. त्याला लोखंडाशी देणंघेणं नसतं. रेघेचा उतार आधीइतकाच आला, जवळजवळ सपाट. दुसऱ्या दगडावर तेच, तिसऱ्यावर तेच. सुई कुऱ्हाडीमुळे थोडी हलली होती हे खरं. पण नव्या आकड्यांनीही वळ्या पट्ट्याला तिरक्याच होत्या, आणि त्या कोनापुढे सुईची चूक अगदी किरकोळ होती.

रुचि दगडावर बसली. "राहिला," ती म्हणाली. "डोंगर तिरकाच आहे."

नेटवर्क टेकडीच्या माथ्यावरच मिळतं. तिथूनच तिने आकडे पाठवले. सरांचा फोन दुपारी आला. दिशांचे जुने आकडे काढून टाक, नवे घाल, चूक कशी झाली ते प्रबंधात स्पष्ट लिही आणि जमा कर, एवढंच ते बोलले. रुचिने दोनदा "हो सर" म्हटलं आणि फोन ठेवून डोळे पुसले. बाईंनी भाजीभाकरीचं फडकं सोडलं. सकाळपासून दोघींनी काही खाल्लं नव्हतं.

"हे असं तिरकं दाबून मंग काय झालं?" खाता खाता बाईंनी विचारलं.

"डोंगररांग झाली असणार. मोठी, उंच. मग कोट्यवधी वर्षं झिजली. आपण बसलोय ते तिचं मूळ आहे."

बाईंनी उताराकडे, खालच्या मोहाच्या झाडांकडे पाहिलं.

"झिजली ते बरं झालं," त्या म्हणाल्या. "तेवढं वर टोपलं घेऊन कोन चढलं असतं?"