आत्याचा मुराळी

आमच्या धुरपताआत्यासारखी हट्टी बाई अख्ख्या जिंतूर तालुक्यात शोधून सापडायची नाही. तिच्या तोडीला एकच माणूस, तिचा पाठचा भाऊ मुंजाजी, म्हणजे आमचे अण्णा.

माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात अण्णांनी आत्याला पोस्टाने पत्रिका पाठवली आणि तिथेच सगळं बिनसलं. आमच्याकडे माहेरवाशिणीला आणायला भाऊ नाहीतर भाचा जातो, त्याला मुराळी म्हणतात. "घरच्या लेकीला पोस्टानं बोलवतेत व्हय?" म्हणत आत्या लग्नाला आली नाही. आली नाही म्हणून अण्णांनी बोलणं टाकलं. तेव्हापासून तिने माहेरचा उंबरा पाहिला नव्हता. आमच्या गावचं कुणी बाजारात भेटलं, की दारातली चिंच अजून उभी आहे का, एवढं मात्र ती न चुकता विचारायची.

सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर मी एक जुनी जीप घेतली. एका शनिवारी अण्णांना घेऊन जिंतूरहून सरकीची पेंड आणायला गेलो. पोती गाडीत टाकून निघणार, तोच अण्णा म्हणाले, "बन्सी, येलदरीचं धरण लय भरलंय म्हंतेत. बघून येऊ."

धरण बांधल्यापासून कधी त्यांना ते बघावंसं वाटलं नव्हतं. पण आत्याचं गाव त्याच वाटेवर. मी हसू दाबत गाडी वळवली.

आत्या दारात शेंगा फोडत बसली होती. अण्णा खाली उतरलेच नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाले, "धरण बघायला निघालो हुतो. तहान लागली म्हून थांबलो."

आत्याने एकदा भावाकडे पाहिलं, एकदा जीपकडे, आणि उठून आत गेली. बराच वेळ झाला तरी ना पाणी, ना चहा. अण्णांचा चेहरा एवढासा झाला.

"गाडी फिरव," ते पुटपुटले. "पाणी बी इचारना."

मला फार वाईट वाटलं. मी गाडी चालू केली, तेवढ्यात आत्या बाहेर आली. अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं, कपाळावर ताजं कुंकू, काखेत बोचकं. तिथूनच तिने शेजारणीला हाळी दिली, "कोंडाबाई, मालकाला सांगा, मुराळी आलाय! मी म्हायेरी चालले."

"अक्का, मी धरण बघायला आलतो," अण्णा चाचरत म्हणाले.

"मग बघ की, मुंजा. मी बसते तवर गाडीत."

अण्णा मुकाट उतरले. तिला पुढे बसवलं आणि स्वतः मागे पेंडीच्या पोत्यावर बसले, मांडीवर तिचं बोचकं घेऊन. आरशात पाहिलं, तर ते उपरण्याने डोळे पुसत होते. धरणाचं नाव मग कुणी काढलं नाही.

घरी आईने भाकरतुकडा ओवाळला, पायांवर पाणी घातलं. पण आत्या आत जायच्या आधी चिंचेखाली जाऊन उभी राहिली आणि खोडावर हात फिरवत राहिली.

पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं. पत्रिका छापून यायच्या आतच एका सकाळी अण्णा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून जीपमध्ये जाऊन बसले.

"चल रे," म्हणाले, "धरण बघून येऊ."