खुंटीवरची ढोलकी
बाबा नोव्हेंबरातल्या एका बुधवारी गेले. त्याआधी महिनाभर त्यांच्या कारखान्याला टाळं लागलं होतं. बाहेरचा स्वस्त माल आल्यावर तिथले पंखे कुणी घेईना. अंबरपेठच्या आमच्या दोन खोल्यांत त्या नाताळाला आईनं चांदणी टांगली नाही. खुंटीवर बाबांची ढोलकी होती. जवळ गेलं की कातड्याचा आणि त्यांच्या हाताच्या तेलाचा वास यायचा. आमच्या चर्चची मराठी मंडळी नाताळात घरोघर गात फिरत आणि ढोलकी दरवर्षी बाबा वाजवत. त्या वर्षी नाताळच्या एका संध्याकाळी मंडळी नुसत्या टाळांवर गात गल्लीत आली आणि आमच्या दारापाशी गप्प झाली. दुःखाच्या घरासमोर कसं गायचं, असं त्यांना वाटलं असावं. पावलं पुढं जाताना ऐकून आईनं दार उघडलं. "चोरासारखे कुठं निघालात?" पुढचे म्हातारे गृहस्थ चाचरले, "वहिनी, यंदा तुमच्याकडे..." "माझ्याकडे माणूस गेलंय. म्हणून तारणारा जन्मायचा थांबला का?" तिनं ढोलकी काढून गळ्यात अडकवली. तिला ती वाजवता येत नव्हती. मंडळींनी तारणाऱ्या बाळाला पाहायला निघालेल्या मेंढपाळांचं गाणं धरलं. ठेका सारखा चुकू लागला, तशी मागून एक बाई ओरडली, "वहिनी, हळू! मेंढपाळ पळून जातील!" रडता रडता आई हसली, आणि तशीच हसत शेवटच्या कडव्यापर्यंत बडवत राहिली. बाबा गेल्यापासून आमच्या घरात कुणी हसलं नव्हतं. मागच्या महिन्यात आईही गेली. ढोलकी आता माझ्या पुस्तकांच्या कपाटावर आहे. मलाही ती वाजवता येत नाही.