बिनधुराची शेगडी

दिघाशीहून आम्ही निघालो ते भाताची झोडणी आटोपल्यावर. एसटी फाट्यावर यायची, म्हणून आई फाट्यापर्यंत सोडायला आली, आणि आली ती डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन. ऐनाच्या झाडाची, वाळलेली, एका मापाची, तिने स्वतः रचून बांधलेली. बाकी आया लेकीला तांदूळ, पापड, लोणचं देतात. माझ्या आईला एकच घोर लागला होता, की पोरगी शहरात चूल कुठे मांडणार. कंडक्टरने मोळी काही आत घेऊ दिली नाही. माझे यजमान हसत म्हणाले, की आई, भिवंडीत मला लाकडंच उचलायची आहेत, तिथे तोटा नाही. गाडी सुटली तेव्हा आई तीच मोळी डोक्यावर घेऊन घरी परत चालली होती. पाठमोरी दिसली, मग वळण आलं.

दिघाशी ते भिवंडी म्हणजे तालुक्यातल्या तालुक्यात. तुमच्यातले जे दुबईला, अमेरिकेला गेले ते म्हणतील, हे कसलं आलंय स्थलांतर. हसा खुशाल. पण घर सोडल्याचं मोजमाप मैलांत होत नाही, हे तुम्हालाही एव्हाना कळलं असेल. आणि जे दिघाशीलाच राहिले त्यांच्यासाठी तर मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण त्या पौषात माझ्या घरी जे घडलं त्याबद्दल गावात बरंच काही बोललं गेलं, आणि त्यातलं काहीही खरं नव्हतं.

यजमानांचं नाव काशिनाथ. ते होते तोवर उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही, आता वाचणाऱ्याचा गोंधळ नको म्हणून घेते. त्यांना एका सायझिंगमध्ये काम लागलं होतं. सायझिंग म्हणजे लूमवर, यंत्रमागावर, चढवण्याआधी सुताला कांजी लावायचा कारखाना. कांजी शिजवायला आणि सूत सुकवायला वाफ लागते, वाफेला बॉयलर, आणि बॉयलरच्या पोटात तेव्हा लाकूड जायचं. काशिनाथ त्या बॉयलरवर ड्युटीला. माणूस मोठा हौशी. जेवताना माझ्याशी गप्पा मारायचे त्या आगीच्याच. ओलं लाकूड टाकलं तर काय होतं, खालून हवा किती द्यायची, ज्वाळेचा रंग कसा असायला हवा. धूर म्हणजे जळायचं राहून गेलेलं लाकूड, असं ते म्हणायचे. त्यांच्या शिफ्टला चिमणीतून धूर जवळजवळ दिसायचाच नाही. त्याचा त्यांना फार अभिमान.

आमची खोली एका लूमच्या शेडला पाठ लावून होती. सिमेंटच्या भिंती, वर पत्रा, एक दार आणि एक खिडकी. खिडकी उघडली की सुताचा बारीक कापूस आत उडायचा, भातावर बसायचा, म्हणून ती लावलेलीच असे. लूमची खटाखट पहिले काही दिवस डोक्यात बसली, नंतर ती थांबली की जाग यायची. मालक शेठची एकच अट होती: खोलीत लाकूड पेटवायचं नाही. शेडमधल्या कोऱ्या कापडाला धुराचा काळा लागला तर ताग्यामागे तागा फुकट जातो. त्यामुळे स्वयंपाक रॉकेलच्या स्टोव्हवर. पहिल्या महिन्यात मी तो इतका कमी वापरला की काशिनाथ म्हणाले, स्टोव्हची लाज वाटते का तुला. लाज नव्हती. त्या निळ्या आगीपुढे बसून घरात असल्यासारखं वाटायचं नाही, इतकंच.

मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. पण सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, मूल पायाळू आहे, गावी जायचं नाव काढू नका. मग आईच भिवंडीला आली. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही म्हणून तिने स्वतःचे तांदूळ आणले होते, आणि पाणी ती शेजारच्या सायराभाभीकडे प्यायची. सायराभाभीचा नवरा लूमवर, मुलूख आझमगढकडचा. आईला हिंदी येत नव्हती आणि भाभीला मराठी, तरी दोघींच्या गप्पा तासन्‌तास चालायच्या. काय कळायचं त्यांनाच ठाऊक.

मुलगी झाली. धडधाकट. आईने आधी तिला न्हाऊ घातलं आणि मग माझ्या घरचं पाणी प्याली.

माझ्या आईची ओळख गावाबाहेरच्यांना सांगायला हवी. दिघाशीतली निम्मी पोरं तिने पायांवर आडवी घेऊन न्हाऊ घातलेली. कुणाकडे बाळंतपण असलं की आधी तिला बोलावणं. तिचे हात खरबरीत, पण पोर त्या हातांत गेलं की रडायचं थांबायचं. तिच्या शास्त्रात बाळंतिणीला ऊब हवीच. बाजेखाली विस्तवाची शेगडी, वर ओव्याची धुरी, अंगावर घोंगडी. ती ऊब नाही मिळाली तर बाईची कंबर जन्माची धरते. गावाकडे हे सोपं होतं. आमच्या घराच्या भिंती कुडाच्या, म्हणजे कारवीच्या काड्यांवर शेणमाती लिंपलेल्या, आणि वरच्या कौलांतून आभाळ दिसायचं. कितीही दार लावा, वारा आपला जाऊन-येऊन असायचा.

इथे मात्र शेठची अट. त्यात त्या वर्षी खाडीकडचा वारा सुटलेला, पत्रा सकाळी हात लावू नये इतका गार. आई हट्टाला पेटली. काशिनाथ म्हणाले, आई, धूर न करता ऊब देईन की नाही बघा.

आणि त्यांनी शेगडी केली. तेलाचा पत्र्याचा डबा कापला, आतून मातीत भाताचा तूस कालवून जाड लिंपण दिलं, मधे सळयांची जाळी, खाली हवेला भोक आणि त्या भोकाला सरकवायचं झाकण. बाहेर बोळात लाकूड पेटवायचं, ज्वाळा बसली, धूर संपला, नुसते लाल निखारे राहिले की दोन सळयांनी उचलून आत आणायची. मूठभर लाकडांत अर्धा दिवस ऊब. भिंत काळी नाही, भांडं काळं नाही, डोळ्यांत पाणी नाही. आई आधी नाक मुरडत होती, धूर नाही ती कसली आग म्हणून. दोन दिवसांत ती बोळातल्या बायकांना बोलावून शेगडी दाखवायला लागली. जन्मभर चुलीपुढे डोळे चोळणारी बाई. जावयाचं असं कौतुक तिने ना त्याआधी केलं, ना नंतर.

तुम्हाला पुढचं कळलं असेल. कळलं नसेल तर बरंच आहे, कारण आम्हा तिघांनाही तेव्हा कळलं नव्हतं.

बारसं अजून व्हायचं होतं, म्हणून पोरीला नाव नव्हतं. आई तिला बाय म्हणायची. त्या सकाळी आईने आम्हा दोघींना न्हाऊ घातलं, बाजेखाली शेगडी सरकवली. मी कुडकुडत होते. आईने दार ओढून घेतलं. खिडकीच्या फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या, वारा शिरू नये म्हणून. मला म्हणाली, "नीज आता, मी हाय." बाळाची दुपटी घेऊन ती बाहेर पडली, दार लोटलं, दाराखालीही बाहेरून चिंध्या कोंबल्या आणि नळावर गेली. काशिनाथ पहिल्या शिफ्टला गेलेले. पोर माझ्या कुशीत होती, तिच्या टाळूला खोबरेल आणि वेखंडाचा वास होता. डोकं जरा जड वाटत होतं. न्हाल्यावर येतं तसं जडपण. फार गोड झोप लागली.

सायराभाभी धुरीसाठी लोबान मागायला आली आणि तिने हाक मारून दार ढकललं. दार चिंध्यांमुळे अडलं म्हणून तिने खांदा लावला. तिने आम्हाला उचलून बोळात आणलं, हे मला नंतर सांगितलं गेलं. मी दवाखान्यात उलट्या करत जागी झाले. आई फरशीवर बसली होती, मांडीवर काहीच नव्हतं, तरी हात मांडीवर धरल्यासारखे होते. विचारायची गरज नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी काशिनाथना सगळं नीट सांगितलं. बंद खोलीत निखाऱ्यांतून विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. नुसता धूर असता तर डोळे झोंबले असते, खोकला आला असता, कुणीतरी दार उघडलंच असतं. बॉयलरवरच्या माणसाला त्या हे सांगत होत्या आणि तो मान हलवत ऐकत होता. दुसऱ्या दिवशी ड्युटीला गेला. न जाऊन काय करणार होता, आणि ड्युटी काय, तर आगच.

गावात वेगळंच पसरलं. कुणी म्हणे, परक्या घरात पाचवी पुजली, सटवाई कोपली. कुणी म्हणे, शेजारणीची दृष्ट. ज्या बाईने माझा जीव वाचवला तिची दृष्ट! मला अजून संताप येतो. ज्यांनी हे म्हटलं त्यांतले काही आज हयात आहेत, आणि हे वाचतील अशी माझी इच्छा आहे.

शिमग्याला आम्ही दोघं दिघाशीला गेलो. सगळं गाव होळीच्या माळावर होतं. आई ओट्यावर एकटीच तांदूळ निवडत बसली होती. काशिनाथ तिच्यासमोर जाऊन उकिडवे बसले. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा त्या गोष्टीबद्दल बोलले.

"आई, शेगडी मी केली होती."

आईने सुपातून मान वर केली नाही. "शेगडी तुमची. दार कुनी लावलं? चिंध्या कुनी कोंबल्या?"

"तुम्हाला कसं कळणार होतं? माझं कामच आगीचं. मला कळायला पाहिजे होतं."

"आन माझं काम काय व्हतं?" आई म्हणाली. "बाळ सांभाळायचं. दुसरं काय येतं मला?"

बांधावरून भांडणारे भाऊ जमीन आपापल्याकडे ओढतात, तशी ती दोघं ओढत होती. शेगडी माझी, नाही, दार माझं. कुणी आवाज चढवला नाही. मी दारात उभी होते. माझी पोर होती ती, पण तिचं जाणं त्या दोघांनी आपसांत वाटून घेतलं आणि माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं होतं, एकदा बोलणं झालं की ओझं उतरेल. उतरलं नाही. त्या दिवसानंतर ती दोघं एकमेकांशी फार अदबीने वागू लागली, परक्या माणसांशी वागतात तशी. आणि माझं माहेर मला परकं होत गेलं. गेले की आई माझ्या तोंडाकडे बघे आणि तिचे डोळे भरत, म्हणून मी कमी जाऊ लागले. कमी गेले म्हणून ती आणखी रडे.

आईने गावातली पोरं न्हाऊ घालणं सोडलं. बोलावणी यायची, ती हात दुखतात म्हणायची. हात दुखत नव्हते. त्याच हातांनी ती पहाटेपासून लावणी करायची.

आज मी भिवंडीतच आहे. सायझिंगच्या चिमण्या आहेत, सायराभाभी नाही, काशिनाथही नाहीत. मानकोलीच्या शेतांवर गोदामं उभी राहिली आणि कशेळीच्या पुलावर ट्रक हलत नाहीत. ओट्यावर गॅस आहे, वर धूर ओढून नेणारा पंखा आहे. सुनेच्या बाळंतपणात मी शेक-शेगडीचं नाव काढू दिलं नाही. व्याही मंडळींना वाटलं, सासूबाई फार सुधारलेल्या. जाऊ दे, सुधारलेलीच म्हणू दे.

त्या मुलीनंतर मला मुलगा झाला. आईला निरोप धाडला. ती आली, पण उंबऱ्याच्या आत पाय टाकेना. बाहेर बोळातच बसली, गुडघे जवळ घेऊन. मी ओल्या बाळंतिणीने उठून पोराला तिच्यापाशी नेलं आणि पुढे केलं. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"तुझ्यापाशीच राऊ दे, पोरी," ती म्हणाली. "मी हिथनंच बघते."

आणि तिने बघितलं, पोटभर बघितलं. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली. मग दुपारच्या गाडीने परत गेली. पुढे ती बरीच वर्षं जगली. तो मुलगा रांगला, चालला, तिच्या अंगणात धावला, पडला. पडला तरी तिने त्याला उचललं नाही. मला हाक मारायची.

कुठे कुणी विचारलं की तुमचं गाव कोणतं, तर तोंडातून दिघाशीच निघतं. पण घर म्हणाल तर तिथेही नाही आणि इथेही नाही. बाई आपलं मूल आईच्या हवाली करून जिथे निर्धास्त झोपू शकते, त्याला मी घर म्हणते. मी तशी झोपले होते. एकदाच.