ओट्यासमोरची जागा

आमच्या गल्लीत आता रोज सकाळी मोटारींवरून भांडणं होतात. कुणी फाटकावर पाटी ठोकतं, कुणी दगड मांडून जागा अडवतं, कुणी दुसऱ्याच्या चाकातली हवा सोडतं. परवा नातू तणतणत घरात आला आणि म्हणाला, "आजी, रस्ता काय त्यांच्या बापाचा आहे का?" मी म्हणाले, "न्हाई. जा, तसंच त्यांना सांगून ये." सुनेला ते आवडलं नाही. म्हातारीनं समजूत घालायची सोडून पोराला फूस लावली, असं तिचं म्हणणं. लावली तर लावली! या विषयात मला कुणी शहाणपण शिकवू नये. मी याच लातुरात गाडी उभी करण्यावरून भांडले तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि मी एकोणीस वर्षांची होते.

आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. पुढं दगडी ओटा आणि ओट्याखाली लगेच गल्ली. आमचे हे तहसील कचेरीत नक्कलनवीस होते. लोकांचे अर्ज, निकाल, जमिनीचे कागद यायचे, त्यांच्या उर्दूत जशाच्या तशा प्रती करायच्या, हे यांचं काम. अक्षर असं, की न वाचता येणाऱ्यानंही बघत बसावं. बोलणं मात्र नावाला नाही. गर्दीत कुणी यांच्या पायावर पाय दिला तरी माफी हेच मागायचे. मला त्याचा लई राग यायचा.

एक दिवस कचेरीत वरची जुनी दप्तरं काढताना शिडी घसरली आणि हे फरशीवर आपटले. मांडीचं हाड मोडलं. हाडवैद्यानं बांधलं, पण ते वाकडंच जुळलं. तीन महिने घरात पडून काढले. चौथ्या महिन्यात सदर मुन्शींचा, म्हणजे कचेरीतल्या वरच्या कारकुनाचा, निरोप आला, की येत्या सोमवारी दहाच्या ठोक्याला हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला देतो. त्यांचंही बरोबर होतं म्हणा, कागद थोडेच थांबतात. पण ती जागा गेली असती तर आम्ही काय करणार होतो? यांना उर्दू लिहिण्यापलीकडं काही येत नव्हतं. वाकड्या पायानं हे औत धरणार होते का?

चालणं दूरच, पायरी उतरतानासुद्धा यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मग मी रेणापूरकडं माझ्या भावाला सांगावा धाडला. तो एकबैली छकडा आणि पांढरा बैल घेऊन आला. म्हणाला, "अक्का, मिरगाच्या आधी परत दे म्हंजे झालं. बैल गरीब हाय, तुला ओळखतो." मी लहानपणी बापाच्या शेजारी बसून गाडी हाकायला शिकले होते. शहरात सोवळ्या घरची बाई गाडी हाकते म्हणून गल्ली तोंडात बोट घालणार, हे मला माहीत होतं. घालू दे.

आता खरी गोष्ट सांगते. छकडा ओट्याला भिडवून उभा केला की ओट्याची आणि छकड्याच्या फळ्यांची उंची बरोब्बर जुळायची. हे ओट्यावर बसून, दोन्ही हातांवर भार देऊन, सरकत सरकत गाडीत जाऊ शकत होते. पायरी नको, उचलणं नको, कुणाचे उपकार नकोत. पण छकडा तिथंच पाहिजे. चाकाखाली दगड लावून मी तो बसवला आणि दोन दिवस यांच्याकडून सराव करून घेतला. दुसऱ्या दिवशी यांना मदतीशिवाय जमलं तेव्हा मला रडूच आलं.

समोरच्या माडीत एक वकीलसाहेब राहायचे. त्यांनी त्या साली मोटार घेतली होती. लढाईचे दिवस, पेट्रोल मिळायची मारामार. त्यामुळं मोटार महिन्यातून एकदोनदा बाहेर पडायची आणि बाकीचे दिवस गल्लीतच ताडपत्री पांघरून उभी असायची. पण ती एकदोनदा वळवताना अडचण नको, म्हणून वकीलसाहेबांनी बलदियात, म्हणजे तेव्हाच्या नगरपालिकेत, वजन वापरून नियम करून आणला. दवंडी पिटली. गल्लीत बैल सोडलेली गाडी उभी दिसली की जप्त! गाडी जुंपलेली असेल तरच थांबायचं, तेही माणूस चढेउतरेपर्यंत. बाकी वेळ गाड्या वेशीबाहेर गाडीतळावर न्यायच्या.

रविवारी बलदियाचा जमादार आला. पांढऱ्या दाढीचा, सभ्य माणूस होता. बिचारा खाली मान घालूनच बोलला, "बाई, गाडी हटाना पडता."

"आणि ती?" मी मोटारीकडं बोट केलं.

"मोटार का कागज में कुछ लिखा नहीं."

"का? गाडी न्हाई का ती? सोडलेली गाडी उभी करायची न्हाई म्हणता, मग तिला काय जुंपलंय ते ताडपत्री काढून दाखवा की!"

ओट्याओट्यांवर हसू फुटलं. जमादारही मिशीत हसला. माडीवरची खिडकी धाडकन मिटली. जमादार म्हणाला, "कल सुबह आतौं. खुल्ली दिखी तो ले जाना पडता बाई. मेरी नौकरी है."

"या की. तुमची बी नोकरी हाय, यांची बी हाय."

आत आले तर हे कासावीस. "अगं, कशाला त्यांच्या तोंडी लागतेस? नेऊन ठेव ना गाडीतळावर."

"गाडीतळावर ठेवलेल्या गाडीच्या चाकाची खीळ तरी सकाळी जागेवर राहती का? आणि अहो, मोटार जागची हलणार न्हाई आणि माझाच छकडा का म्हणून हलवू? मी न्हाई हलवणार."

हे शेरवानीची बटणं तपासत बसले.

सोमवारी उजाडताच मी बैल आणायला गेले. आमच्याकडं जागा नव्हती म्हणून बैल गल्लीमागच्या गवळ्याच्या गोठ्यात बांधायचो. जाऊन बघते तर खुंट्याला नुसतं दावं. गवळी म्हणाला, बैल कुणाच्या मळ्यात शिरला, त्यांनी कोंडवाड्यात घातला, आणि कोंडवाड्याचा कारकून दुपारशिवाय येत नाही. मी दावं हातात घेऊन बघितलं. तुटलेलं नव्हतं, सोडलेलं होतं. कुणी सोडलं ते मी पाहिलं नाही, म्हणून नाव घेत नाही. पण मला आजही शंका नाही.

धावत घरी आले. गल्लीत जमादार दोन शिपाई घेऊन उभा होता. माडीवर वकीलसाहेब चहा पीत उभे होते, जसा काही तमाशाच बघायला. आणि ओट्यावर आमचे हे. शेरवानी घातलेली, रुमी टोपी मांडीवर धरलेली. माझ्या मागं बैल नाही हे त्यांनी पाहिलं आणि टोपी उचलून बाजूला ठेवली. ती टोपी बाजूला ठेवलेली बघितली आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"टोपी घाला," मी म्हणाले. "आणि बसा गाडीत."

"बैल?"

"बसा म्हणते ना!"

हे सरकत सरकत गाडीत गेले. मी पदर खोचला, चाकाखालचे दगड लाथेनं काढले, दोन दांड्यांच्या मधे शिरले आणि बैलाच्या गळ्यात घालायचा पट्टा खांद्यावरून घेऊन गाठ मारली. मग जमादाराकडं वळले. "बघा जमादारसाहेब. गाडी जुंपलेली हाय का न्हाई?"

जमादार जवळ येऊन हळू म्हणाला, "बाई, ऐसा नक्को करो. गाडी रहने दो. मैं नहीं ले जातौं."

त्या माणसाचं मन चांगलं होतं, मला कळत होतं. पण त्या क्षणी मला दया नको होती. "मेहेरबानी नको. कागदात जुंपलेली गाडी लिहिलंय. ही जुंपलेली हाय का न्हाई, तेवढंच सांगा. मोठ्यानं सांगा, वर माडीत ऐकू गेलं पाहिजे."

जमादारानं एकदा माडीकडं पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "है! जुती हुई है!"

मग मी गाडी ओढली.

छकडा हलका म्हणतात ना, ते बैलाला हलका. गल्लीतून बाहेर पडेपर्यंतच माझा ऊर धपापायला लागला. बाजारात माणसं दुकानांतून बाहेर आली. एक कापडवाला हातातला गज तसाच धरून बघत राहिला. मागून यांचा आवाज आला, "अगं, लोक बघताहेत. उतरव मला."

"कुठं उतरवू? ओटा मागं राहिला."

हे मान खाली घालून बसले.

पुढं चढ लागला. तळहात सोलले, पट्टा मानेत रुतला, आणि एकदा तर चाकं मागंच यायला लागली. तेवढ्यात गाडी एकदम हलकी झाली. वळून बघते तर जमादाराचे दोन्ही शिपाई मागून रेटत होते आणि जमादार आम्हाला ओळखत नसल्यासारखा चार पावलं लांबून चालला होता. तेवढं मी चालवून घेतलं.

कचेरीच्या दारात पोचलो तेव्हा दहाला थोडा अवकाश होता. दोघा चपराशांनी यांना उचलून आत नेलं. हजेरी लागली. मी अंगणातल्या लिंबाखाली बसले आणि सोललेल्या तळहातांवर पदर गुंडाळला. यांनी सगळ्या बाजारासमोर मान खाली घातली होती. संध्याकाळी घरी गेल्यावर हे माझ्याशी बोलणार नाहीत, अशी मी मनाची तयारी करून बसले.

थोड्या वेळानं चपराशी आला. "बाई, आत बोलावलंय."

आत सदर मुन्शी गादीवर बसले होते आणि हे आपल्या जागेवर, पुढ्यात ताजा लिहिलेला कागद. हे मला म्हणाले, "बलदियाला अर्ज आहे. ऐक." आणि उर्दूवरून मला मराठीत वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं, की आमचा छकडा आमच्या ओट्यासमोर उभा राहील, आणि समोरची मोटार जितके दिवस गल्लीत उभी असेल तितके दिवस उभा राहील.

मुन्शी वैतागले. "अहो, अर्जात विनंती करतात. ही काय भाषा झाली?"

"साहेब," हे म्हणाले, "आजवर विनंत्यांच्याच नकला केल्या. हा कागद माझा आहे."

त्या अर्जाला उत्तर कधीच आलं नाही. बैल त्याच दुपारी कोंडवाड्यातून सोडवून आणला, मिरगापर्यंत छकडा तिथंच उभा होता आणि जमादार रोज दुसऱ्या बाजूला बघत गल्लीतून जायचा. पण ते नंतरचं. तेव्हा मी नुसती यांच्या तोंडाकडं बघत राहिले होते. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि हा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

यांनी लेखणी माझ्यापुढं धरली. "सही कर."

"बाईची सही?" मुन्शी म्हणाले. "अर्जदार तुम्ही ना?"

"गाडी हिनं ओढली," हे म्हणाले. "मी नुसता बसलो होतो."

मी तोवर कशावर सही केलेली नव्हती. सोललेल्या हातात लेखणी धरवेना. तरी त्या सुंदर उर्दू ओळींच्या खाली मी माझं नाव मराठीत लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर, कागद संपेपर्यंत.

"एवढं मोठं कशाला?" मुन्शींनी विचारलं.

"माडीवरून वाचता आलं पाहिजे," मी म्हणाले.

आणि आमचे हे, गर्दीत पायावर पाय पडला तरी माफी मागणारे आमचे हे, भर कचेरीत खो खो हसले.